मुक्काम मुंबई : परगावच्या माणसाच्या रात्रीचा इतिहास

मु. पो. मुठा, ता. मुळशी, जि. पुणे. माझ्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर हा पत्ता असतो. त्यातल्या ‘मु.’कडे आपले लक्ष जात नाही. मु. म्हणजे मुक्काम. मूळचा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि लष्कराच्या तळापासून देवाच्या पालखीपर्यंत सगळ्यांना पुरला. गंमत अशी, की खेड्यातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहतो त्या गावाला पत्त्यात ‘मुक्काम’ म्हणतो, आणि शहरात एका रात्रीपुरते अंग टाकले तरी ‘मुक्काम केला’ असेच म्हणतो. दोहोंतला फरक कळतो तो शहरात रात्र पडल्यावर. ‘कुठे उतरलात?’ हा परगावच्या माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न. घोड्यावरून, डोलीतून उतरण्याचे दिवस गेले, पण क्रियापद टिकले आहे.

मुंबईच्या इतिहासावर मराठीत लिहिणाऱ्यांची कमी नाही. गिरण्या, चाळी, नाटकगृहे, चळवळी यांवर चांगली पुस्तके आहेत. पण मुंबईत न राहणाऱ्या, कामापुरते येऊन परत जाणाऱ्या माणसाची रात्र कुठे गेली, याचा विचार फारसा झालेला नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. राजधानीत कुणाला दाद मागता येते, हे कायद्याने ठरते तसेच ते राजधानीत रात्र काढण्याच्या खर्चानेही ठरते. कचेरीपासून चालत जाता येईल अशी, बेताच्या भाड्याची खोली ही सार्वजनिक जीवनाची एक गरज आहे. या लेखात मी ती गरज मुंबईत कुणी, कशी भागवली आणि कुणाला ती नाकारली गेली, एवढेच पाहणार आहे.

घाट ओलांडला, पुढे काय?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये रुळांनी भोरघाट ओलांडला. तेव्हापासून पुण्याकडच्या माणसाला मुंबई गाठणे शक्य कोटीतले झाले. पण काम उरकून त्याच दिवशी परतणे शक्य झाले नव्हते. डेक्कन क्वीन सुरू झाली ती १ जून १९३० रोजी. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे मुंबईचे काम म्हणजे मुंबईची किमान एक रात्र, असा हिशेब होता. आमच्या मुठे खोऱ्यातल्या माणसाला तर आधी तीसेक किलोमीटर चालून किंवा बैलगाडीने पुणे गाठावे लागे.

त्या रात्रीची सोय करण्याचे तीन मार्ग होते. पहिला, नातेवाईक. गिरगावात मामेभाऊ असेल तर त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणखी एक वळकटी पसरायची. हा मार्ग स्वस्त. पण त्यात उपकार असतो, आणि घरधनिणीच्या कपाळावरची आठी पाहुण्याला दिसते. दुसरा मार्ग धर्मशाळेचा. मुंबईत दानशूर शेठियांनी धर्मशाळा बांधल्या, सी. पी. टँकजवळच्या माधवबागेत १८७५ मध्ये लक्ष्मीनारायणाचे देऊळ झाले, तिथेही उतरायची सोय होती. परंतु धर्मशाळा म्हटली की धर्म आला आणि धर्माबरोबर जात आली. कोण उतरू शकतो, किती दिवस, चूल कुठे मांडायची, याचे नियम दात्याच्या मर्जीचे. तिसरा मार्ग पैसेवाल्यांचा. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणून काळा घोड्याजवळ उभारलेले वॉटसन हॉटेल १८७१ पासून चालू होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती इथेच. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडले. वॉटसनमध्ये प्रवेश नाकारल्यामुळे जमशेटजी टाटांनी ताज बांधले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे; तिला पुराव्याचा आधार नाही, तिला आख्यायिकाच म्हणावे. ती एवढी लोकप्रिय झाली यावरून एक मात्र दिसते : हॉटेलच्या दारावरून परत पाठवले जाणे हा अपमान आपल्या समाजाला फार ओळखीचा आहे.

नातेवाईक, धर्मशाळा आणि ताज यांच्या मध्ये एक रिकामी जागा होती. फिर्यादी, वकील, संपादक, व्यापारी, संस्थानी कारभारी अशा माणसांसाठी, दाम मोजून, कुणाचे मिंधे न होता उतरण्याची जागा.

१८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा ही उणीव ठळक दिसली. अधिवेशन व्हायचे होते पुण्यात. तिथे कॉलऱ्याची लागण झाली म्हणून ते ऐनवेळी मुंबईला हलवले. २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधी जमले ते गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. त्यांची राहण्याची सोयही तिथेच केली होती. राष्ट्रीय सभेचा पहिला मुक्काम असा एका पाठशाळेच्या आवारात पडला.

सरदारगृह

ही रिकामी जागा मराठी माणसांपुरती तरी भरून काढली ती सरदारगृहाने. क्रॉफर्ड मार्केटसमोर, आजच्या लोकमान्य टिळक मार्गावर ही इमारत उभी आहे. विश्वनाथ केशव साळवेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. संस्थानांतले सरदार-दरकदार मुंबईला आले की त्यांना इतमामाने उतरता यावे, हा मूळ हेतू, म्हणून नाव सरदारगृह. पण तिचे नाव इतिहासात राहिले ते सरदारांमुळे नव्हे, एका संपादकामुळे.

इमारतीची जागा नकाशावर पाहावी. बोरीबंदर स्टेशन चालत दहा-बारा मिनिटांवर. एस्प्लनेड मैदानाजवळचे फौजदारी कोर्ट जवळ. हायकोर्ट त्याहून थोडे पुढे, पण ट्रामच्या टप्प्यात. समोर मंडई, म्हणजे वर्दळ कायमची. उत्तरेला एतद्देशीयांची दाट वस्ती, दक्षिणेला फोर्टातल्या कचेऱ्या. दोन मुंबयांच्या सांध्यावरचे हे ठिकाण. आणि हाकेच्या अंतरावर पोलीस आयुक्तांची कचेरी.

मुंबईला टिळक इथे उतरत. जून १९०८ मध्ये ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या मदतीसाठी टिळक मुंबईला आले होते. २४ जून रोजी त्यांना स्वतःलाच सरदारगृहात अटक झाली. जुलैमध्ये हायकोर्टात खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगाव सहा दिवस बंद राहिले. हा इतिहास सर्वज्ञात आहे. मला त्यातला पत्ता महत्त्वाचा वाटतो. पुण्याचा संपादक, मुंबईच्या कोर्टात अडकलेल्या दुसऱ्या संपादकाला मदत करायला येतो आणि पकडला जातो तो भाड्याच्या खोलीत.

टिळकांना मुंबईत घर देणारे मित्र नव्हते असे नाही. वकील, डॉक्टर, व्यापारी यांतले कितीतरी जण त्यांना आनंदाने ठेवून घेते. गांधीजी मुंबईत लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनात उतरत. ते रेवाशंकर झवेरी यांचे घर. दोन्ही पद्धतींत उणे-अधिक नाही, पण फरक आहे. मित्राच्या घरी भेटायला येणाऱ्याला आधी यजमानाचा उंबरा ओलांडावा लागतो. लॉजमध्ये खोली घेतलेल्या माणसाकडे कुणीही जिना चढून येऊ शकतो. सरकारच्या डोळ्यांवर आलेल्या माणसाला ठेवून घेणारा यजमान पोलिसांच्या वहीत जातो. खोलीचे भाडे घेणारा मालक निदान ‘माझा हा धंदा आहे’ असे म्हणू शकतो. ही कारणे टिळकांनी सांगितलेली नाहीत, ती माझी अटकळ आहे. पण कोर्टाच्या कामासाठी वरचेवर गावाला जाणाऱ्या कोणत्याही माणसाला ती पटतील.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईला आले ते ताईमहाराज प्रकरणाच्या कोर्टकामासाठी. हे प्रकरण त्यांच्यामागे जवळजवळ वीस वर्षे लागले होते. मुक्काम पुन्हा सरदारगृहातच. तिथे त्यांना ताप आला, २३ जुलैला चौसष्ट वर्षे पूर्ण झाली, आणि ३१ जुलैची मध्यरात्र उलटून १ ऑगस्ट लागल्यावर त्यांचे निधन झाले. त्यानंतर जे घडले त्यात या जागेचा वाटा मोठा आहे. लोकांना अंत्यदर्शन मिळावे म्हणून पार्थिव दिसेल असे ठेवले होते. समोरचा मंडईचा चौक आणि आजूबाजूचे रस्ते पावसात माणसांनी भरून गेले. पुण्याहून माणसे रेल्वेने येऊन स्टेशनातून थेट चालत तिथे पोहोचली. गांधीजी आणि शौकत अली यांनी खांदा दिला. नेहमीच्या स्मशानाऐवजी खास परवानगीने गिरगाव चौपाटीवर दहन झाले. एखाद्या बंगल्याच्या कंपाउंडात हे घडले नसते. पुण्याच्या नेत्याचा शेवटचा मुक्काम स्टेशनाजवळच्या हॉटेलात होता, म्हणून त्याची अंत्ययात्रा साऱ्या शहराची झाली.

दारावरचा नकार

इथपर्यंत लिहिले ते खोली मिळणाऱ्यांबद्दल. दाम मोजायची तयारी असूनही जिला खोली मिळत नव्हती, ती माणसे या इतिहासाची दुसरी बाजू.

सप्टेंबर १९१७. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाले. बडोद्यात उतरायचे कुठे, हाच पहिला प्रश्न. हिंदू हॉटेलात जात विचारली जाणार. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दाराशी आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. शहरातल्या परिचितांनी ठेवून घेतले नाही. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एवढ्या शिकलेल्या माणसाची संस्थानातली नोकरी अकरा दिवसांत संपली, ती झोपायला जागा नाही म्हणून.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला, तो आपण महाडच्या चवदार तळ्यामुळे लक्षात ठेवतो. पण सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांबरोबर त्यात धर्मशाळांचाही उल्लेख होता. शाळा, कोर्टे, कचेऱ्या, दवाखाने होते. ही यादी परगावी कामाला निघालेल्या माणसाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून वाचावी. कोर्टात जायचे, दवाखान्यात जायचे, तर वाटेत पाणी हवे आणि रात्री छप्पर हवे. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहांच्या जोडीला हॉटेले नावानिशी आली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने असा नकार शिक्षेस पात्र ठरवला.

हे काम देवळाच्या अंगाने करणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला, गाडगेबाबा. स्वतः खापराचे गाडगे डोक्याला घालून झाडाखाली झोपणाऱ्या या माणसाने दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत परगावाहून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. परळचे टाटा रुग्णालय तिथून जवळ आहे. इथेही जागेचे मोल रुग्णालयापासूनच्या अंतरावर ठरते.

गावची खोली

आता माझ्या तालुक्याकडे येतो. मुठा गाव मुठेच्या खोऱ्यात. मुळशीचे धरण डोंगराच्या रांगेपलीकडे, मुळा आणि निळा यांच्या संगमावर. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने हे धरण हाती घेतले, पन्नासहून अधिक गावांवर नांगर फिरणार होता, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातली ठळक नावे. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या गेल्या. निर्णय करणारे सरकार मुंबईला, कंपनी मुंबईला. वर्तमानपत्रांत बाजू मांडणारे पुण्या-मुंबईला. मावळा मात्र भाताच्या खाचरात. त्याच्यासाठी सरदारगृह नव्हते आणि ताजच्या आसपास फिरकण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या जमिनीचा निर्णय ज्या शहरात होतो तिथे दोन रात्री काढणे ज्याला परवडत नाही, त्याची बाजू दुसऱ्यालाच मांडावी लागते. पुण्याच्या सावकारांनी मोबदला पत्करला आणि कुळे उघड्यावर पडली, त्यामागे असलेल्या अनेक कारणांत हेही एक आहे, असे मला वाटते.

पुढे मावळा मुंबईला गेला तो फिर्यादी म्हणून नव्हे, हमाल, गिरणीकामगार, डबेवाला म्हणून. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातल्या माणसांनी मुंबईत आपली मुक्कामाची जागा स्वतःच निर्माण केली : गावची खोली. चाळीतली एक खोली गावाच्या नावावर; गावातला कुणीही आला तर तिथे उतरणार. ट्रंका भिंतीला रचलेल्या, वळकट्या दोरीवर, कोपऱ्यात गावदेवाची तसबीर. रात्रपाळीचा माणूस उठून गेला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा होणार. भाड्याची वर्गणी, दिवाबत्ती, पाणी भरायची पाळी, सगळे वहीत. कोकणातल्या गावांच्याही अशाच खोल्या होत्या. गोवेकरांची ‘कूड’ याच जातीची : धोबीतलाव-माझगाव भागात गावाच्या नावाने चालणारी, गावच्या संताची वेदी असलेली, बोटीवर जाणाऱ्या खलाशांचा मुक्काम पडायची जागा.

झोपायची सोय झाली तरी जेवणाचे काय? तिथे खानावळवाली होती. एकट्या पुरुषांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर त्या सावकाराच्या हातात होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, खोल्यांतली माणसे गावाकडे परतली, आणि या व्यवस्थेचा कणा मोडला. आमच्या पिढीने गावची खोली मोडताना पाहिली.

आजची रात्र

मी संशोधक झालो तो पदवीने नव्हे. मुळशीच्या कागदांचा माग काढत मुंबईला जाऊ लागलो. राज्य पुराभिलेखागार काळा घोड्यापाशी, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मागणीपत्र भरायचे, बाड येईपर्यंत सूची चाळायची, मग पेन्सिलने टिपणे काढायची. एका दिवसात हे काम उरकत नाही. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परतायचे तर हातात चार-पाच तास उरतात. रात्र जवळ काढली की दोन पूर्ण दिवस मिळतात. म्हणून मी स्टेशन आणि क्रॉफर्ड मार्केटच्या मधल्या लॉजमध्ये उतरतो. प्लायवूडच्या भिंतीची खोली, टोकाला सामाईक न्हाणीघर, चोवीस तासांचे भाडे. भाड्याच्या हिशेबात ती महाग वाटते, तासांच्या हिशेबात स्वस्त पडते. लांबच्या उपनगरात निम्म्या पैशात खोली मिळेल. पण लोकलच्या गर्दीत दोन तास आणि अंगातले त्राण जाते.

लॉजच्या वहीत नाव, गाव, वय, कोठून आले, कोठे जाणार यानंतर एक रकाना असतो : येण्याचे कारण. मी ‘संशोधन’ लिहितो. एकदा गल्ल्यावरच्या माणसाने ते वाचून विचारले, “म्हणजे कोर्टाचं काम?” मी हो म्हणालो. तसे ते फार चुकीचे नव्हते.

मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे चहा-भजी मिळण्याची जागा. झोपायची ती ‘लॉज’. या दुसऱ्या शब्दाला मधल्या काळात वाईट वास चिकटला. त्याची झळ बसते बाईला. माझ्या ओळखीच्या एका अभ्यासक बाईंना, ओळखपत्र आणि आगाऊ पैसे पुढे करूनही, एका लॉजने ‘एकट्या बाईला देत नाही’ म्हणून परत पाठवले. त्या रात्रीच्या गाडीने पुण्याला गेल्या. पाहायचे राहिलेले बाड राहूनच गेले. १९१७ च्या नकाराशी याची तुलना करणे बरोबर नाही, पण परिणामाची रीत तीच आहे : जागा नाही, म्हणून काम नाही.

मंत्रालयात कामाला येणाऱ्या खेड्यातल्या माणसाने यावर आपला तोडगा काढला आहे, आमदार निवास. कुलाब्याचे मॅजेस्टिक एके काळी खरोखरीचे हॉटेल होते, पुढे त्याचे आमदार निवास झाले. आपल्या आमदाराच्या खोलीत, नाही तर बाहेरच्या पडवीत सतरंजी टाकून झोपलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे सांगायला नको. काहींना तो बेशिस्तपणा वाटतो. मला ती गावच्या खोलीचीच शेवटची शाखा वाटते. फरक एवढाच, की गावच्या खोलीत माणूस वर्गणीदार होता, इथे तो कार्यकर्ता म्हणून झोपतो, आणि त्या झोपेची किंमत पुढे कधीतरी वसूल होते.

इकडे लवासाकडे जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो. शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. खोऱ्यात रिसॉर्टे झाली, शेतघरे झाली. मुंबईच्या माणसाला मुळशीत उतरायला आता खोल्याच खोल्या आहेत. मुळशीच्या माणसाला मुंबईत उतरायची सोय मात्र शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आकसली आहे.

या विषयाची साधने सरकारी दप्तरांत थोडी आणि घरोघरी जास्त आहेत. लॉजच्या जुन्या नोंदवह्या, खानावळीचे हिशेब, गावच्या खोलीची वर्गणीची वही, ‘सुखरूप पोहोचलो, अमुक ठिकाणी उतरलो’ असे सांगणारी पोस्टकार्डे. हे कागद रद्दीत जाण्याच्याच लायकीचे समजले जातात. एका गावच्या खोलीची चाळीस वर्षांची वही मला पाहायला मिळाली ती ती खोली विकली गेल्यावर, सुतळीने बांधलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात. तिच्यात कोण कधी आला, किती रात्री राहिला, कुणी वर्गणी बुडवली आणि कुणाला आजारपणामुळे माफ केली, हे सगळे होते. वाचकांपैकी कुणाकडे असे कागद असतील तर ते टाकू नयेत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा जवळचे एखादे चालते वाचनालय, जिथे विश्वास वाटेल तिथे द्यावेत. तेही जमले नाही तर वहीच्या पहिल्या पानावर गावाचे नाव, चाळीचे नाव आणि साल तेवढे लिहून ठेवावे. पुढच्या अभ्यासकाला सुरुवात करायला तेवढे पुरते.